वीज, तेल आणि व्हॅक्यूम : एका अबोल गाडीचे अंतरंग

अमेरिकन गाडी म्हटली की माझ्या पिढीच्या माणसाला आठवते ती शेपटाला माशासारखे पर असलेली, नाकापासून मागच्या बंपरपर्यंत क्रोमने मढवलेली लांबलचक वस्तू. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ साली गाड्यांची जुळणी सुरू केली होती. स्वातंत्र्याच्या सुमाराला कुर्ल्याच्या प्रीमियरमधून डॉज आणि प्लिमथ बाहेर पडू लागल्या. हिंदी चित्रपटातल्या नायिकेच्या वडिलांकडे तर इंपाला असायचीच. श्रीमंती आणि दणदणाट या दोन गोष्टी त्या गाड्यांमुळे आपल्या मनात एकत्र बसल्या, त्या आजतागायत.

या लेखाचा विषय असलेली गाडी या चित्रात बसत नाही. १९६१ सालची लिंकन कॉन्टिनेन्टल बाहेरून पाहिली तर एखाद्या जुन्या घरंदाज माणसासारखी दिसते. पर नाहीत. दारांवर क्रोमची नक्षी नाही. पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत एक सरळ रेघ, तिच्या कडेने क्रोमची बारीक किनार, आणि बास. पण हिच्या पोटात शिरलात की वीज, तेल आणि व्हॅक्यूम या तिघांचा असा संसार दिसतो की बाहेरची शांतता हीच मुळात केवढी महाग आहे ते कळते. मी आयुष्यभर गाड्यांच्या वायरिंगचे काम केले, आधी पिंपरी-चिंचवडच्या परिसरात आणि नंतर मिशिगनमध्ये. निवृत्तीनंतर ओळखीच्या एका अमेरिकन गृहस्थांच्या १९६२ सालच्या उघड्या टपाच्या कॉन्टिनेन्टलवर काही वर्षे हात चालवायला मिळाले. पुढे जे लिहितो आहे ते त्या हाताच्या आणि जुन्या कागदपत्रांच्या जोरावर.

आधी थोडा इतिहास, कारण या गाडीचे बरेचसे आजार तिच्या जन्मातच आहेत. लिंकन हा फोर्ड कंपनीचा उंची विभाग. १९५८ ते १९६० या तीन वर्षांत त्याने ज्या गाड्या काढल्या त्या प्रचंड होत्या. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर १३१ इंच आणि लांबी पावणेसहा मीटरच्या आसपास. त्या विकल्या गेल्या नाहीत, विभाग तोट्यात गेला, आणि रॉबर्ट मॅकनमारा यांच्या मनात लिंकन बंदच करून टाकावी असा विचार येऊ लागला. हे तेच मॅकनमारा, जे नोव्हेंबर १९६० मध्ये फोर्डचे अध्यक्ष झाले आणि दोनच महिन्यांनी केनेडींचे संरक्षणमंत्री म्हणून वॉशिंग्टनला गेले. आकड्यांवर श्रद्धा असलेला माणूस. त्यांना उंची गाडीचे कौतुक असण्याचे कारण नव्हते.

त्याच सुमाराला एल्वुड एंगेल या रचनाकाराने फोर्डच्या थंडरबर्ड या दोन दारांच्या गाडीसाठी मातीचा एक नमुना तयार केला होता. थंडरबर्डसाठी दुसराच नमुना निवडला गेला. एंगेलचा नमुना मॅकनमारांच्या नजरेस पडला आणि त्यांनी विचारले, हा थोडा लांबवून याला चार दारे बसवता येतील का? कॉन्टिनेन्टलचा जन्म या प्रश्नातून झाला. म्हणजे ही मोठी गाडी मुळात एका लहान गाडीचा वाढवलेला देह आहे. आधीच्या लिंकनपेक्षा ती जवळपास १५ इंचांनी आखूड होती आणि चाकांमधले अंतर १२३ इंचांवर आले होते.

तिची प्रसिद्ध दारेसुद्धा याच आखूडपणातून आली. मागची दारे मागच्या बाजूला बिजागऱ्या लावून बसवली आहेत. म्हणजे पुढचे आणि मागचे दार कपाटाच्या दोन झडपांसारखे मधोमध उघडते. लोकांना वाटते की हा राजेशाही थाट आहे. प्रत्यक्षात झाले असे, की नमुन्याच्या मागच्या सीटवरून उतरताना अभियंत्यांचे पाय दाराला आपटत होते. दार उलटे फिरवले आणि अडचण सुटली. अशा दारांना अमेरिकेत पूर्वीपासून 'आत्महत्येची दारे' असे भयंकर नाव आहे. पुढे बिजागरी असलेले दार धावत्या गाडीत चुकून सुटले तर वारा ते दाबून धरतो. मागे बिजागरी असलेले दार सुटले तर वारा ते फाडल्यासारखे उघडतो. फोर्डने यावर दोन उपाय केले. दार नीट लागले नसेल तर समोरच्या पाटीवर दिवा लागतो, आणि सगळी दारे चालकाच्या हाताखालून व्हॅक्यूमने कुलूपबंद होतात. हे व्हॅक्यूम लक्षात ठेवा, पुढे ते फार त्रास देणार आहे.

आता अंगलट. १९६१ ची बंद छपराची गाडी २,२३५ किलोंची आणि उघड्या टपाची २,३६५ किलोंची. छप्पर काढल्यावर वजन वाढते हे वाचून काही वाचक चमकतील. या गाडीला वेगळी चासी नाही. पत्र्याचे अंग हाच सांगाडा. डब्याचे झाकण कापले की डबा पिळवटतो, तसे छप्पर काढल्यावर सांगाडा पिळवटू नये म्हणून खाली जास्तीचे पोलाद घालावे लागते. शिवाय टप उघडण्या-मिटण्याची यंत्रणा आहेच. इंजिन व्ही आकाराचे, आठ सिलिंडरांचे, ४३० घनइंचांचे, म्हणजे सात लिटरांहून थोडे अधिक. मारुती ८०० चे इंजिन ७९६ घनसेंटिमीटरचे. तशी जवळजवळ नऊ इंजिने या एका बॉनेटखाली मावतात असे म्हणू. शक्ती ३०० अश्वशक्ती, पण खरी गंमत टॉर्कमध्ये आहे: सुमारे ६३० न्यूटन-मीटर, आणि तोही मिनिटाला केवळ २,००० फेऱ्यांवर. त्यामुळे ही गाडी धावत नाही, सरकते. तीन गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स असल्याने चालकाला गिअर टाकण्याचेही काम नाही.

या इंजिनात एक विक्षिप्तपणा आहे आणि यंत्रात रस असलेल्या वाचकांना तो आवडेल. बहुतेक इंजिनांमध्ये इंधन जळण्याची पोकळी वरच्या हेडमध्ये कोरलेली असते. इथे हेड खालून जवळजवळ सपाट आहे. सिलिंडरचा माथाच १० अंशांनी तिरका कापला आहे, आणि तिरका माथा आणि सपाट हेड यांच्यामध्ये जी पाचरीच्या आकाराची जागा उरते तीत ज्वलन होते. कल्पना चांगली, पण आज असे इंजिन खोलले की नेहमीच्या यंत्रशाळेतला माणूस डोके खाजवतो, कारण सिलिंडर आणि माथा काटकोनात असतात असे गृहीत धरूनच त्याची यंत्रे लावलेली असतात. बाकी इंजिन चिवट आहे. वजन अवाढव्य, पेट्रोलची भूक त्याहून मोठी, पण रस्त्यात दगा देण्याचा त्याचा स्वभाव नाही.

त्या चिवटपणामागे फोर्डची भीती होती. आधीच्या तीन वर्षांच्या नाचक्कीनंतर कॉन्टिनेन्टलला २४ महिने किंवा २४,००० मैलांची हमी दिली गेली, जी त्या काळी अमेरिकेत कोणी देत नव्हते. हमी पाळायची तर गाडी कारखान्यातच तपासली पाहिजे. म्हणून मिशिगनमधल्या विक्सम येथील कारखान्यात प्रत्येक इंजिन मिनिटाला ३,५०० फेऱ्यांवर तीन तास चालवले जाई, मग खोलून पाहिले जाई आणि पुन्हा जोडले जाई. तेलात चमकणारा रंग मिसळून अतिनील दिव्याखाली गळती शोधली जाई. तयार झालेली प्रत्येक गाडी १२ मैल रस्त्यावर फिरवून मगच बाहेर सोडत. एवढे सगळे करून १९६१ साली २५,१६४ गाड्या विकल्या गेल्या. त्यांत उघड्या टपाच्या फक्त २,८५७. त्याच वर्षी अमेरिकेतल्या औद्योगिक रचनाकारांच्या संस्थेने या गाडीच्या सात रचनाकारांना पदक दिले.

आता मुख्य विषयाकडे येतो: उघड्या टपाची यंत्रणा आणि तिचे दुखणे.

चार दारांची उघड्या टपाची गाडी अमेरिकेत १९५१ नंतर कोणी बनवली नव्हती. फोर्डकडे मात्र एक तयार विद्या होती. १९५७ ते १९५९ या काळात त्यांनी स्कायलायनर नावाची गाडी विकली, जिचे पोलादी छप्पर घडी होऊन डिकीत जाई. त्या एका छपरासाठी ७ मोटारी, १० रिले, १० लिमिट स्विच आणि ६१० फूट वायर लागे. गाडी फायद्याची ठरली नाही, पण शिकलेले वाया जाऊ नये म्हणून तीच कल्पना कापडी टपासाठी लिंकनमध्ये आली. इथे विजेच्या जोडीला तेलाचा दाबही आला.

बटण दाबल्यावर काय होते ते ढोबळमानाने असे. आधी डिकीच्या झाकणाला पकडून ठेवणारे आटे मोटारीने उलगडतात. मग तेलाच्या दाबावर चालणारे दट्टे झाकण वर उचलतात. आणि हे झाकण आपल्या सवयीच्या उलट, मागच्या टोकाला बिजागरी असल्यामुळे पुढून उघडते, एखाद्या मगरीने पाठमोरे तोंड वासावे तसे. मग सीटमागची एक फळी आपली जागा बदलते. तेवढ्यात पुढच्या काचेच्या वरच्या चौकटीला टप धरून ठेवणारे आटे सुटतात. मग दट्टे टप उचलून, घडी घालून, मागच्या पोकळीत निजवतात. झाकण खाली येते, आटे आवळले जातात, आणि गाडीवर टप नावाची काही वस्तू कधी होती याचा मागमूस राहत नाही. इतर गाड्यांत घडी केलेल्या टपाची गाठोडी मागे दिसते आणि तिच्यावर खोळ चढवावी लागते. इथे तेही नाही. किंमत एवढीच, की टप आत गेला की डिकीत एक पिशवी ठेवण्यापुरतीही जागा मोठ्या मुश्किलीने उरते.

हे सगळे कोण ठरवते? त्या काळी संगणक नव्हता. ठरवणारी असते रांग. प्रत्येक हालचालीच्या शेवटी एक लिमिट स्विच बसवलेला असतो. झाकण पूर्ण वर गेले की ते त्या स्विचवर टेकते, स्विच पुढच्या रिलेला वीज देतो, रिले पुढची मोटार सुरू करतो. धावपटू एकमेकांच्या हातात दांडी देतात, त्या शर्यतीलाही रिलेच म्हणतात, आणि ही उपमा इथे तंतोतंत लागू पडते. एकाने दांडी टाकली की शर्यत तिथेच संपते. मागचा धावपटू कितीही चांगला असो.

म्हणूनच या गाडीचा सर्वांत सामान्य आजार म्हणजे मगरीचे उघडे तोंड. झाकण वर जाते आणि तिथेच थांबते. टप हलत नाही, झाकण खाली येत नाही, आणि मागचे काहीही दिसत नसल्याने गाडी चालवताही येत नाही. दोष बहुधा क्षुल्लक असतो. साठ वर्षांत झाकणाच्या बिजागऱ्या किंचित ढिल्या होतात, झाकण पाव इंच कमी वर जाते, आणि स्विचला टेकतच नाही. यंत्रणेच्या लेखी झाकण अजून वर जातेच आहे. मेकॅनिकला मात्र ते उघड्या डोळ्यांनी पूर्ण उघडलेले दिसते, आणि तो मोटार बदलायला धावतो. आमच्या गाडीच्या बाबतीत एका गॅरेजने हेच केले होते: चांगली मोटार काढून दुसरी बसवली, आणि ती बसवताना दोन वायरींची अदलाबदल करून ठेवली. ती अदलाबदल शोधण्यात आमचे तीन शनिवार गेले.

शोधण्याची रीत सांगतो, कारण ती कुठल्याही जुन्या यंत्राला लागू पडते. आधी हातात पाना घ्यायचा नाही, कान द्यायचा. बटण दाबल्यावर रिलेचा 'टक्' असा आवाज येतो का? येत असेल तर आज्ञा तिथवर पोहोचली आहे. दोष पुढे आहे. येत नसेल तर दोष मागे आहे. मग एक साधा टेस्ट लॅम्प घेऊन, कारखान्याच्या नकाशावर बोट ठेवून, त्या एका टप्प्यावर यायचे. रांगेतली सगळी यंत्रणा तपासायची नसते. जिथे दांडी पडली तेवढेच ठिकाण गाठायचे असते.

दुसरे कारण आणखी मामुली: अर्थिंग. गाडीचा पत्रा हाच विजेचा परतीचा रस्ता. जिथे वायर पत्र्याला आवळली आहे तिथे गंज चढला की रोध वाढतो. तो किती वाढतो, तर डोळ्यांना दिसणारही नाही इतका. पण समजा तो दशांश एक ओहम आहे आणि तेलाचा पंप चालवणारी मोटार ५० अँपिअर ओढते आहे. गुणाकार करा: ५ व्होल्ट त्या गंजातच खर्च झाले. १२ व्होल्टांतले ७ उरले. मोटार कण्हते, रिले थरथरतात, त्यांचे संपर्कबिंदू ठिणग्यांनी काळे पडतात, आणि काळे पडले की रोध आणखी वाढतो. म्हणून या गाडीचा टप इंजिन चालू ठेवूनच हलवावा, म्हणजे निदान बॅटरीच्या मदतीला जनरेटर असतो. आणि वर्षातून एकदा साऱ्या अर्थिंगच्या जागा घासून स्वच्छ कराव्यात. या कामाला खर्च जवळजवळ नाही आणि त्याने निम्मे आजार जातात, असे माझे मत आहे. पॉलिश करण्यात रविवार घालवणाऱ्या हौशी मालकांना ते पटत नाही, कारण ते दिसत नाही.

तिसरा दोष वायरचाच. डिकीच्या झाकणाकडे जाणारा वायरींचा जुडगा प्रत्येक वेळी बिजागरीपाशी वाकतो. तांब्याची तार आतल्या आत तुटते, वरचे वेष्टन शाबूत राहते. झाकण अर्धे असताना वीज जाते, पूर्ण उघडल्यावर परत येते. असा लपंडाव खेळणारा दोष हा वायरिंगवाल्याच्या आयुष्यातला शाप असतो.

तेलाच्या बाजूला मुख्य शत्रू रबर. दट्ट्यांच्या आतले रबरी सील वाळतात, झिरपतात, आणि तेल डिकीच्या गालिच्यात मुरते. इथे एक ताकीद: यंत्रणेत आधी कोणते तेल आहे ते पाहिल्याशिवाय वरून भर घालू नये. ब्रेकचे तेल आणि गिअरबॉक्सचे तेल या दोन वेगळ्या जाती आहेत. एकासाठी बनवलेले रबर दुसऱ्यात फुगून लिबलिबीत होते. लाल तेल दिसले म्हणून लाल तेल ओतावे इतके हे सोपे नाही.

तेलाचे आणखी एक बिऱ्हाड बॉनेटखाली आहे, आणि तिथे फोर्डच्या अभियंत्यांनी मला थक्क केले. या गाडीचे वायपर विजेवर चालत नाहीत. स्टिअरिंग हलके करणारा जो तेलाचा पंप असतो, त्याच्याच दाबावर वायपर चालतात! कारण समजून घेण्याजोगे आहे. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत वायपर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालत, आणि चढावर ॲक्सिलरेटर दाबला की व्हॅक्यूम कमी होऊन वायपर नेमके तेव्हाच मंदावत. तेलावर चालणारे वायपर तसे करत नाहीत, आवाज करत नाहीत, आणि त्यांचा वेग हवा तसा कमी-जास्त करता येतो. पण त्यासाठी दाबाखालचे तेल लांब नळ्यांतून काचेखालच्या भिंतीपर्यंत न्यावे लागते. नळी चिरली की स्टिअरिंगचे तेल गळते. म्हणजे पावसाशी संबंधित एक तक्रार स्टिअरिंग जड होण्यातून कळते. अशा वेळी नवा मेकॅनिक स्टिअरिंगचा पंप खोलून बसतो.

आता व्हॅक्यूम. चालू इंजिन हवा आत ओढते, आणि ॲक्सिलरेटर सोडलेला असताना आतल्या नळीत सुमारे १८ ते २० इंच पाऱ्याइतके व्हॅक्यूम तयार होते. ही फुकटची शक्ती रबरी नळ्यांनी गाडीभर फिरवून तिच्यावर दारांची कुलुपे आणि हीटरच्या झडपा चालवायच्या, अशी योजना. कुलूप लावताना 'क्लिक' ऐवजी एक मंद सुस्कारा ऐकू येतो. श्रीमंत गिऱ्हाइकाला तो आवडत असणार. पण साठ वर्षांत त्या नळ्या आणि दारातले रबरी पडदे ठिसूळ होतात. गळती कुठेही असली तरी परिणाम सगळीकडे दिसतो: मागच्या उजव्या दारातला पडदा फाटला की पुढचे डावे कुलूपही सुस्तावते, आणि वर इंजिनमध्ये नको तेवढी हवा शिरून ते सिग्नलला थांबल्यावर थरथरते. कार्ब्युरेटर खराब झाला असे वाटते. उपाय जुनाच: एकेक नळी चिमट्याने दाबून बंद करायची, आणि कोणती दाबल्यावर इंजिन शांत होते ते पाहायचे. नाडीपरीक्षेपेक्षा हे फारसे वेगळे नाही.

उघड्या टपाच्या गाडीत आणखी एक नाजूक खोड आहे. मागचे दार उघडताच त्याची काच आपोआप थोडी खाली उतरते आणि दार लावल्यावर परत वर जाते. कारण पुढची आणि मागची काच मधल्या खांबाशिवाय एकमेकींना भिडलेल्या असतात. दारातला स्विच बिघडला आणि काच उतरली नाही, तर ती काच आणि तिच्या कडेची रबरी पट्टी यांची झटापट होते, आणि काच महाग असते.

गंजाबद्दल थोडक्यात. वेगळी चासी नसल्याने गंज हा इथे दिसण्याचा प्रश्न नसून जिवाचा आहे. टपाच्या पोकळीतले पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या पानांनी तुंबल्या की पाणी खालच्या पोलादी पेटीत साचते. अशी गाडी घेताना रंग पाहू नये; जॅकवर चढवून दारे उघडझाप करून पाहावीत. दारांच्या फटी कमी-जास्त होत असतील तर तिचा कणा गेला आहे.

जिवाचा खरा प्रश्न मात्र ब्रेकचा. १९६१ च्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. २,३०० किलो वजन उतारावरून वारंवार थोपवले की ड्रम तापतात, फाकतात, आणि पेडल असूनही गाडी थांबेनाशी होते. फोर्डलाही ते ठाऊक असावे, कारण १९६५ पासून पुढे डिस्क ब्रेक आले. याहून वाईट म्हणजे ब्रेकच्या तेलाचा मार्ग एकच आहे. चारांपैकी एका चाकाची नळी फुटली की चारही ब्रेक गेले. आजच्या गाड्यांत ब्रेकच्या तेलाचे दोन वेगळे मार्ग असतात.

या गाडीची जगाला माहीत असलेली प्रतिमा मात्र यांत्रिक नाही. १९६१ साली सिनसिनाटीच्या हेस अँड आयझेनहार्ट या कंपनीने एक उघडी कॉन्टिनेन्टल मधोमध कापून, साडेतीन फुटांच्या आसपास लांबवून अमेरिकेच्या अध्यक्षांसाठी तयार केली. फोर्डने ती सरकारला वर्षाला ५०० डॉलर भाड्याने दिली. तिला पारदर्शक प्लास्टिकचे तुकडे जोडून छप्पर करता येई, पण ते गोळी अडवणारे नव्हते. आणि २२ नोव्हेंबर १९६३ ला डॅलसमध्ये पाऊस थांबला म्हणून तेही लावले नव्हते. पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट ही, की ती गाडी मोडीत काढली गेली नाही. तिला चिलखत आणि कायमचे छप्पर घालून पुन्हा सेवेत घेतले, आणि ती १९७७ पर्यंत राहिली. आज ती डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे. तिच्यासमोर उभे राहिल्यावर लोक गप्प होतात. मी मात्र नकळत मागच्या दाराची बिजागरी पाहत होतो.

आपल्या मुंबईशीही या गाडीचा एक धागा आहे. डिसेंबर १९६४ मध्ये पोप सहावे पॉल युकॅरिस्टिक काँग्रेससाठी मुंबईला आले होते. त्यांच्या वापरासाठी एक पांढरी लिंकन कॉन्टिनेन्टल होती. जाताना ती त्यांनी मदर तेरेसांना देऊन टाकली. मदर तेरेसांनी तिच्यात बसण्याऐवजी तिची सोडत काढली आणि आलेले पैसे कुष्ठरुग्णांच्या वसाहतीला लावले. व्हॅक्यूमच्या नळ्यांचा मला आलेला अनुभव पाहता त्यांचा निर्णय व्यवहारानेही अचूक होता.

पुढचा इतिहास लवकर आटोपतो. १९६४ मध्ये चाकांमधले अंतर ३ इंचांनी वाढले, १९६६ मध्ये इंजिन ४६२ घनइंचांचे झाले, १९६७ मध्ये उघड्या टपाच्या शेवटच्या २,२७६ गाड्या निघाल्या, १९६९ ला ही पिढी संपली. विक्समचा कारखाना २००७ मध्ये बंद पडला.

आता ज्या प्रश्नावर आमच्या गाडीच्या मालकांचे आणि माझे बरेच दिवस वाद झाले तो सांगतो. रिले आणि लिमिट स्विच यांची सारी रांग काढून तिच्या जागी हाताच्या पंजाएवढी इलेक्ट्रॉनिक पेटी बसवता येते. ती पेटी प्रत्येक टप्प्यावर लक्ष ठेवते, आणि काय बिघडले ते दिवा लावून सांगते. मी आयुष्यभर असल्या पेट्यांच्या बाजूने बोललो आहे, म्हणून इथेही तेच बोललो. गृहस्थ ऐंशी वर्षांचे, रस्त्यात झाकण उघडे राहिले तर ते काय करणार? त्यांचे म्हणणे वेगळे होते. रिले बिघडला तर तो उघडून, संपर्कबिंदू घासून, तासाभरात चालू करता येतो. त्याचा नकाशा छापील आहे आणि तो वाचता येणारा माणूस अजून सापडतो. पेटी बिघडली आणि ती बनवणाऱ्याने दुकान बंद केले, तर आतला चिप कोण वाचणार? माझ्या स्वतःच्या धंद्यात वीस वर्षांपूर्वी बसवलेले कित्येक नियंत्रक आज निव्वळ सुटा भाग मिळत नाही म्हणून भंगारात गेलेले मी पाहिले आहेत, त्यामुळे या युक्तिवादाला माझ्याकडे सरळ उत्तर नव्हते. ब्रेकच्या बाबतीत मात्र मी हटलो नाही. बिघडलेला टप माणसाला खजील करतो, बिघडलेला ब्रेक दुसऱ्याच्या मुलाला मारतो. तिथे मूळ स्वरूप राखण्याचा हट्ट मला मान्य नाही.

शेवटी तडजोड झाली. ब्रेकचा मुख्य सिलिंडर बदलून दोन मार्गांचा बसवला. टपाची रांग मूळचीच ठेवली, फक्त प्रत्येक रिलेजवळ त्याचे काम लिहिलेली पितळी पट्टी लावली, आणि बिजागरीपाशी वाकणारा वायरींचा जुडगा नव्या लवचीक तारेचा केला. पेट्रोलच्या नळ्याही बदलल्या, कारण इकडच्या पेट्रोलमध्ये आता बहुतेक ठिकाणी दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. वायपरची मोटार दुरुस्तीसाठी दुसऱ्या राज्यातल्या एका माणसाकडे पाठवली आहे. असे काम करणारे आता फार थोडे उरले आहेत आणि त्याच्याकडे रांग आहे. ती येईपर्यंत नळ्यांची तोंडे बुचे मारून बंद केली आहेत, आणि गृहस्थ सकाळी आकाश पाहून मगच गाडी बाहेर काढतात.